खिडकीची जागा आणि न्हाणीचा पाट

हे आत्ताच सांगितलं पाहिजे. जेवण अर्धं टाकून आलेय, साडीचा काठ अजून ओला आहे, आणि डॉक्टरबाई घरी जेवायला गेल्यात तोवर त्यांचा टाइपरायटर मोकळा आहे. संध्याकाळपर्यंत थांबले तर मी शहाण्यासारखं सांगायला लागेन, आणि मला हे शहाण्यासारखं सांगायचंच नाहीये. झालं ते एवढंच, की माझी मैत्रीण आत्ता न्हाणीच्या दारात उभी राहून मला म्हणाली, "तुझां बरां आसा गो."

तुझं बरं आहे. हे ती मला म्हणाली. माझ्या डाव्या हाताकडे बघत म्हणाली, ज्याची मूठ वळत नाही.

हे वाक्य तिचं नाहीच मुळी. ते माझं आहे. गेलं वर्षभर सकाळी उठल्यापासून मी ते मनातल्या मनात तिला म्हणत आलेय. तिने वेणी घातली की म्हणायचं, तुझं बरं आहे. तिने ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळला की म्हणायचं, तुझं बरं आहे. त्यामुळे आज ते तिच्या तोंडून ऐकल्यावर मला वाटलं कुणीतरी माझी चप्पल घालून माझ्यासमोरून चाललंय.

पण असं मधूनच सांगून तुम्हाला काय कळणार. पहिल्यापासून सांगते.

आम्ही दोघी मालवणजवळच्या एकाच गावातल्या. तिचं घर चर्चच्या बाजूला, आमचं शाळेच्या बाजूला, कारण माझे बाबा त्या शाळेत मास्तर. मॅट्रिकनंतर दोघींनी एकत्रच नर्सिंगला नाव घातलं आणि कोल्हापूरला एका खोलीत राहिलो. ती हुशार, मी पण हुशार, मार्क जवळजवळ सारखे, इंजेक्शन माझं जास्त हलकं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, पेशंटच सांगायचे.

ट्रेनिंग संपवून, पास होऊन, ट्रंका एसटीच्या टपावर टाकून घरी येत होतो तेव्हाची गोष्ट. खिडकीची जागा कायम तिची असायची. मला गाडी लागते. फोंड्याचा घाट उतरायला लागलो आणि माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "हय बस, वाऱ्याक बरां वाटात." आम्ही जागा बदलल्या. मी खिडकीतून डोकं काढलं, कोपर बाहेर टेकवलं, आणि समोरून ट्रक आला. पुढचं मला नीट आठवत नाही. ओकारी तेवढी थांबली.

हाड जुळलं, पण आतल्या नसा गेल्या. कोपर थोडंफार वाकतं, बोटं वळत नाहीत, आणि त्या बोटांना गरम-गार काही कळत नाही. हात दिसतो मात्र अगदी हातासारखा, आणि पंचाईत तिथेच आहे. हात गेलाच असता तर लोकांनी निदान विचारलं नसतं. आता ज्याला त्याला कोडं. आमच्या शेजारची म्हातारी तर येता-जाता म्हणायची, "हात आसा मां जाग्यार? मगे रडतंस कित्याक?"

मी रडत नव्हते, जळत होते.

घाटातल्या त्या अपघातात तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. महिन्याभरात तिला मालवणात एका प्रसूतिगृहात काम लागलं. पांढरी साडी, पांढरे बूट, सगळं. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती आमच्याकडे यायची आणि काही ना काही घेऊन यायची. पोर्तुगीज बिस्किटांचा रिकामा डबा होता तिच्या घरी, त्यात भरून नेवऱ्या म्हणजे करंज्या, दोदोलाच्या गोड वड्या, नाहीतर सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी. डब्याचं झाकण घट्ट. मी तो छातीशी धरून, गुडघ्यात धरून, दातांनी ओढून बघायची आणि ती हळूच "दी हय" म्हणून घ्यायची आणि टक्कन उघडायची. त्या टक्कन आवाजाचा मला इतका राग यायचा की आतल्या नेवऱ्या मला कडू लागायच्या. खायचे मात्र सगळ्या.

चतुर्थीला आरतीत सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी मांडीवर थापट्या मारत होते. विहिरीवर बायका कळशीला फास घालायच्या तर मी त्यांच्या हातांकडे बघत राहायची, जसं कुणी दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं. आईने नारळ फोडला तरी मला वाटायचं, बघा, कसा सहज फोडला. आईचासुद्धा हेवा. पण सगळ्यात जास्त मैत्रिणीचा, कारण ती खिडकीची जागा तिची होती. हे मी तिला कधी म्हटलं नाही. तीही कधी म्हणाली नाही. आमच्या दोघींमध्ये तो बिस्किटांचा डबा असायचा तशी ती जागा असायची.

मी घरी नुसती बसून नव्हते हं. मला नर्सच व्हायचं होतं, आणि नर्स होऊन बसलेच होते की, कागद होता हातात. सरकारी कचेरीत गेले. तिथे आमच्याकडची माणसंसुद्धा खुर्चीत बसली की पुस्तकातलं मराठी बोलायला लागतात. समोरचे गृहस्थ माझ्या मामाच्या गावचे, पण म्हणाले, "आपलं शिक्षण उत्तम आहे. परंतु शारीरिक पात्रतेच्या बाबतीत वरिष्ठांना विचार करावा लागेल." वरिष्ठ अजून विचार करतायत.

मग देवगडच्या बाजूला एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी इंजेक्शन भरून दाखवायला सांगितलं. मला येत होतं, घरी सराव केला होता. औषधाची काचेची बाटली दोन गुडघ्यांत धरायची, उजव्या हाताने मान मोडायची, मग सिरिंजमध्ये ओढायचं. एक थेंब सांडला नाही. डॉक्टर बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही कराल हो बाई. पण पेशंट बघतील ना." म्हणजे मी कशी करते यापेक्षा करताना कशी दिसते हे महत्त्वाचं.

शेवटी बाबा म्हणाले, "टायपिंग शीक. बसान करूचा काम. तुका खंय तरी हापिसात घेतीत."

मला हापिसात जायचं नव्हतं. पण घरात बसण्यापेक्षा बरं म्हणून मालवणच्या टायपिंग क्लासला जायला लागले. क्लासचे सर पहिल्या दिवशी माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "अगो, ह्यां धा बोटांचा काम." मी म्हटलं, "माझ्याकडे पाच आसत, तीच धावडवतंय." आणि धावडवली. आता बघताच आहात.

तर एका रविवारी मैत्रीण डबा घेऊन आली तीच नाचत आली. "डॉक्टरबाईन तुका बोलवल्यान. मी सांगलंय तुझ्याबद्दल. उद्याच ये."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, पण त्याच्या पोटात लगेच दुसरं आलं. तिने सांगितलं म्हणून. तिची ओळख, तिची जागा, आणि मी तिच्या मागून, जसं गाडीत. तरी पांढरी साडी काढली, आईकडून इस्त्री करून घेतली आणि गेले.

तिच्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरबाई सांगलीकडच्या. बोलणं तुकडे पाडल्यासारखं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "टायपिंगचा वेग किती?"

मी मैत्रिणीकडे बघितलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गुटगुटीत बाळाकडे बघत होती.

"केसपेपर, बिलं, दाखले," बाई म्हणाल्या. "बसून काम आहे. वर पंखा आहे."

"मी नर्स आहे," मी म्हटलं.

"हो, कळलं मला." त्यांची नजर माझ्या डाव्या हातावरून गेली, थांबली नाही. "दिवसभर बसून बघा तर खरं. आवडलं तर या."

बाहेर आल्यावर मी मैत्रिणीला म्हटलं, "तू माका टायपिस्ट म्हणान आणलंस?"

"मगे काय सांगू?" ती म्हणाली. "एकदा आत तरी ये. मगे बघया."

बघया. तिचं काय जातंय बघया म्हणायला.

तर मी या खोलीत, याच टाइपरायटरवर बसले. मधे नुसता पडदा, पलीकडे वॉर्ड. मला सगळं ऐकू यायचं. बाळांचं रडणं, बायकांचं कण्हणं, स्टीलच्या ट्रेचा आवाज आणि तिच्या बुटांचा आवाज, चटचट इकडून तिकडे. टाइप करता करता मी त्या बुटांवर जळत होते. माणूस बुटांवर जळू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

मग पलीकडे भांडण लागलं. मिठबावची एक म्हातारी होती, तिच्या लेकीचं सिझर झालेलं, बाळ आठवडा उलटलेलं, नाळ पडलेली. म्हातारीने पिशवी भरायला घेतली होती. लेकीचे टाके अजून ओले, आणि ही म्हणे घरी जातो.

"इतके दिस नुसता पुसतंत माझ्या नातवाक," ती मैत्रिणीला म्हणत होती. "पोर काय कपाट आसा पुसूक? हय कोणाक न्हाणूक येना नाय काय?"

हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. मैत्रिणीने मला आधी सांगितलं होतं की इथल्या बायका बाळाला पायावर न्हाऊ घालायला टाके सुकायच्या आत घरी पळतात. एक आजी तर बाळाला पदराखाली घेऊन मागच्या विहिरीवर गेली होती, कुणाच्या तरी घरची न्हाणी मागायला. डॉक्टरबाई वैतागायच्या, पण करणार काय. आम्हाला कोल्हापूरला शिकवलंच होतं तसं. बाळ डाव्या हातावर घ्यायचं, मान तळव्यात, उजव्या हाताने अंग धुवायचं, टबात. पायावर बाळ घेऊन आंघोळ घालणं म्हणजे गावठी, मेट्रन दिसली की हातावर पट्टी.

मैत्रीण म्हणाली, "थांबा आजी, आज टबात न्हाणतंय," आणि तिने बाळ डाव्या हातावर घेतलं. मी पडदा सरकवून बघत होते. तिचा तो डावा हात. बोटं कशी बाळाच्या मानेखाली जाऊन बरोब्बर बसली. मला रडायला आलं असतं, पण त्याआधी बाळ रडायला लागलं. पाण्यात पाय लागले आणि ते लाकडासारखं ताठ झालं, निळंजांभळं होऊन किंचाळायला लागलं. म्हातारीने झडप घातली. "दी हय माझा पोर. मारतंस काय तेका?"

आणि मी उठले. ठरवून नाही उठले. उठले आणि विचारलं, "आजी, पाट खंय मिळात?"

न्हाणीत कपडे धुवायचा एक पाट होता. मी तो भिंतीला टेकवला, बसले, साडी गुडघ्याच्या वर खोचली आणि पाय सरळ समोर पसरले. पावलं जुळवली, गुडघे जुळवले. मैत्रीण म्हणाली, "अगो, काय करतंस? डॉक्टरबाई बघतली." मी म्हटलं, "बघांदे." धाकटी भावंडं मीच न्हाणली होती, आईला तिन्हीत्रिकाळ दुसरी कामं. पाय विसरले नव्हते, मीच विसरले होते.

पाणी उजव्या कोपराने बघितलं. म्हातारीने बाळ माझ्या नडग्यांवर पालथं ठेवलं, डोकं पावलांकडे, तोंड एका बाजूला. आणि माझा डावा हात, जो काही धरत नाही, उघडत नाही, पिळत नाही, तो मी त्याच्या पाठीवर नुसता ठेवला. ठेवून दिला. तेवढंच लागतं तिथे, थोडं वजन. पकडायचं काम पाय करतात. उजव्या हाताने खोबरेल, मग चण्याचं पीठ, मग तांब्याने हळूहळू पाणी, कमरेपासून खाली, डोक्यावर धरताना कपाळाला त्याच डाव्या तळव्याचा आडोसा. बाळाने एकदा मूठ आवळली, एकदा सोडली आणि गप्प झालं. उताणं केलं तेव्हा डोळे मिटत होते.

"बघ," म्हातारी लेकीला ओरडून सांगत होती, लेक खाटेवर, दिसत नव्हतं तिला काही, "बघ, कसा न्हातां राजा माझा."

डॉक्टरबाई कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही.

"पाणी कुठल्या हाताने पाहिलंत?"

"उजव्या. डाव्याला कळत नाही."

"नाकातोंडात गेलं?"

"नाही बाई."

त्यांनी वाकून बाळाचा कान, नाक, बेंबी, सगळं तपासलं. मग सरळ झाल्या आणि म्हातारीच्या पिशवीकडे बघत राहिल्या. म्हातारी पिशवीतली लुगडी बाहेर काढून परत खुंटीवर टाकत होती. बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं नाही, पिशवीकडेच बघितलं, आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर या. नर्सच्या कामावर. टायपिंग दुपारी करा, बाळं झोपतात तेव्हा."

त्या दिवसापासून मी इथे आहे. सकाळी बाळांचं न्हाणं, मग बाकीचं. बाकीचं म्हणजे ताप बघणं, बाळांची वजनं, बाळंतिणींना उठवणं-बसवणं, आणि हल्ली गुडघ्यात बाटली धरून इंजेक्शनंसुद्धा. पेशंट बघतात, हो, बघतात आणि म्हणतात, "वायच हळू मारा हां बाय." दुसऱ्या सिस्टरलाही तेच म्हणतात.

आता तुम्हाला वाटेल झालं, हिचं जळणं संपलं. छे. आत बसून आणखी जवळून जळायला मिळालं. बाळंतपणाच्या टेबलाजवळ ती उभी असते, मी नाही. बाळ बाहेर येतं ते तिच्या हातांत, दोन्ही हातांत. रोज सकाळी मी इथे आले की माझ्या निऱ्या तीच करते, पदराला पिन तीच लावते, कारण पिनेला दोन हात लागतात, आणि तोंडात पिन धरून बोलते, "हलू नको गो, म्हशी." मी आरशात तिची दहा बोटं बघते आणि म्हणते मनात, तुझं बरं आहे.

आणि आज काय झालं. सकाळी माझी गाडी चुकली. मी पोचेपर्यंत दुपार होत आली होती. वॉर्डात दहा दिवसांपूर्वी आलेली एक आजी आहे, तोंडाने तिखट, तिच्या नातीला न्हाणायचं होतं. मी आले तर न्हाणीत माझ्या पाटावर मैत्रीण बसलेली. माझ्यासारखीच साडी खोचून, पाय पसरून. मी दाराआड थांबले. का थांबले विचारू नका.

तिला पाय जुळवता येईनात. ती घरात शेंडेफळ, भाचरं सगळी गोव्याला, तान्हं पायावर घेतलंय कधी? बाळ तिच्या दोन पायांमधल्या फटीत घसरलं, तिने दोन्ही हातांनी धरायला बघितलं, मग तांब्या धरायला हात उरला नाही. तांब्या सोडला, बाळ धरलं. तांब्या धरला, बाळ घसरलं. बाळाने वॉर्ड डोक्यावर घेतला. आणि ती तिखट आजी म्हणाली, "तू रव गो बाय. तुका जमना नाय. ती खंय आसा, ती हाताची? तिका बोलाव."

ती हाताची. आजपर्यंत हे दोन शब्द कानावर आले की मी मान खाली घालायची. आज मी मान वर करून आत गेले. मैत्रीण उठली. मी बसले, बाळ घेतलं, हात ठेवला, बाळ गप्प झालं. फार छान वाटलं. सांगून टाकते, फार म्हणजे फारच छान वाटलं, आणि ते छान काही चांगल्या मुलीचं छान नव्हतं.

ती दारात उभी होती, पायापर्यंत भिजलेली. तेव्हा म्हणाली ते, "तुझां बरां आसा गो."

मी वर बघितलं. तो चेहरा मी ओळखला. डबा टक्कन उघडायचा तेव्हा माझा व्हायचा तो.

आजी बाळाला घेऊन गेली. आम्ही दोघीच राहिलो. ती म्हणाली, "त्या खिडकीत मीच बसाक व्हया होतंय." वर्षभरात पहिल्यांदा म्हणाली. अगदी साधं म्हणाली, जशी भाजीत मीठ कमी आहे म्हणेल.

आता मी काय म्हणायला पाहिजे होतं? तसं काही नाही गं, असं? मला ते आलंच नाही. मी म्हटलं, "मगे तुका ओकारी येवक व्हयी होती."

ती हसली. मी पण हसले. मग तिने डोळे पुसले, मग नाक पुसलं आणि पाटावर बसून म्हणाली, "शिकव माका."

आणि मी इथे पळून आले. जेवायला बसते म्हणाले, दोन घास खाल्ले आणि टाइपरायटरकडे आले, कारण मला कळेना काय करायचं. शिकवायला काय आहे त्यात? टाचा जुळव, गुडघे सैल सोडू नको, बाळ हातात धरायचं विसर, पायांना सांग. एका सकाळी शिकेल ती. तिला तर दोन हात आहेत. मग त्या तिखट आजीला 'ती हाताची' कशाला लागेल? या प्रसूतिगृहात एकच गोष्ट आहे जी माझ्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही, आणि तिला नेमकी तीच पाहिजे. खिडकीची जागा दिली होती तिने मला. आता मी तिला पाट द्यायचा.

आत्ता पडद्याच्या फटीतून बघितलं. न्हाणीचं दार उघडं आहे. ती अजून पाटावर बसली आहे. पाय पसरलेत, आणि त्यांवर गुंडाळलेला टॉवेल ठेवलाय बाळासारखा. टॉवेल घसरतो, ती उचलते, परत ठेवते. टाचा एकमेकींपासून लांब आहेत तिच्या. इथून दिसतंय मला. इथून ओरडून सांगितलं तरी ऐकू जाईल.

सांगणार आहे. हे पान संपलं की जाते. बहुतेक जाते.

पण त्याआधी तुम्ही सांगा, तुमच्या बाबतीत झालंय का असं? ज्या माणसाकडे बघून तुम्ही रोज जळलात, त्याच माणसाने एक दिवस तुमच्याकडे तसंच बघितलं, असं? मग तुम्ही काय केलंत?